१६, १६ आणि मधली २ : डिप्लोमसीच्या ‘फ्रान्स विरुद्ध ऑस्ट्रिया’ डावाची तयारी

डिप्लोमसी हा ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ साली रचलेला आणि १९५९ साली बाजारात आलेला नकाशावरचा युद्धखेळ. मूळ खेळ सात जणांचा, आणि त्यात निम्मा डाव बोलण्यात, करारांत आणि करार मोडण्यात जातो. वेबडिप्लोमसीसारख्या संकेतस्थळांवर त्याचा दोघांचा एक प्रकार खेळता येतो: एकाकडे फ्रान्स, दुसऱ्याकडे ऑस्ट्रिया, बाकीचे पाच देश रिकामे. बोलणी नाहीत, फासे नाहीत, पत्ते नाहीत. हरलात तर कारण नकाशातच सापडतं, आणि म्हणूनच डावपेच शिकायला यासारखी दुसरी जागा नाही.

नियम थोडक्यात असे. नकाशावर ३४ केंद्रं आहेत. जितकी केंद्रं तुमची, तितक्याच फौजा आणि आरमारं तुम्हाला ठेवता येतात. ज्याची १८ केंद्रं आधी होतील तो जिंकला. डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो. वर्षात दोन चाली, वसंत आणि शरद (पडद्यावर स्प्रिंग आणि ऑटम असं दिसेल), आणि मग हिवाळ्यात नवी भरती. दोघांचे हुकूम एकाच वेळी उघडतात. तुकडी फौज असो वा आरमार, प्रत्येकीचं बळ १. शेजारच्या तुकडीने सपोर्ट दिला की त्यात १ ची भर. जास्त बळ जिंकतं, बरोबरी झाली तर बाउन्स होतो आणि सगळे जिथल्या तिथे राहतात. केंद्राची मालकी फक्त शरदानंतर बदलते. वसंतात एखाद्या केंद्रात शिरून शरदात पुढे निघून गेलात तर ते तुमचं होत नाही. नवे खेळाडू पहिल्या वर्षीचं केंद्र हमखास इथेच गमावतात.

आधी मोजणी

पहिली चाल देण्याआधी कागदावर ही वाटणी लिहून काढा.

फ्रान्सच्या बाजूची केंद्रं: ब्रेस्ट, पॅरिस, मार्से, स्पेन, पोर्तुगाल, बेल्जियम, हॉलंड, लंडन, लिव्हरपूल, एडिंबरा, कील, म्युनिक, बर्लिन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन. एकूण १६.

ऑस्ट्रियाच्या बाजूची: व्हिएन्ना, बुडापेस्ट, त्रिएस्ते; सर्बिया, ग्रीस, बल्गेरिया, रुमानिया; कॉन्स्टँटिनोपल, अंकारा, स्मिर्ना; वॉर्सा, मॉस्को, सेव्हास्तोपोल; व्हेनिस, रोम, नेपल्स. एकूण १६.

उरली दोन: ट्युनिस आणि सेंट पीटर्सबर्ग.

सगळा डाव या मोजणीत आहे. दोघंही नीट खेळले तर १६–१६ वर येऊन थांबतात. १८ करायला एक तर मधली दोन्ही घ्यायला हवीत, नाही तर समोरच्याच्या सोळांतली उचलायला हवीत. म्हणून प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारायचा: ही तुकडी वादातल्या केंद्राकडे चालली आहे की परसातल्या? स्मिर्ना आणि अंकारा ही ऑस्ट्रियाच्या परसातली, पोर्तुगाल आणि लिव्हरपूल फ्रान्सच्या. ती कोणी पळवून नेत नाही. त्यांच्यामागे एकेक तुकडी पुरते. १९०२ मध्ये तुर्कस्तानात तीन फौजा घेऊन शिरणारा ऑस्ट्रिया वर्षाअखेर केंद्रांच्या आकड्यात पुढे दिसतो आणि पुढच्याच वर्षी म्युनिक-बर्लिन हातचं घालवून बसतो.

आरमार कुठे बांधता येतं

नवी तुकडी फक्त आपल्या मूळच्या तीन केंद्रांत बांधता येते, तीही ते केंद्र आपल्याच ताब्यात असेल आणि त्या हिवाळ्यात रिकामं असेल तर. फ्रान्सकडे ब्रेस्ट आणि मार्से अशी दोन बंदरं आहेत. एक अटलांटिकला उघडतं, दुसरं भूमध्याला. ऑस्ट्रियाकडे एकटं त्रिएस्ते. म्हणजे ऑस्ट्रियाला वर्षाला जास्तीत जास्त एक आरमार, आणि तेही त्रिएस्ते रिकामं ठेवलं तरच.

वाद असलेली दोन्ही केंद्रं समुद्रावर आहेत, हे आता या फरकाशेजारी ठेवून पाहा. ट्युनिसला उत्तर आफ्रिका, पश्चिम भूमध्य, टिरेनियन आणि आयोनियन हे चार शेजार. फ्रान्स तिथे बसला आणि पहिल्या दोन जागी त्याच्या तुकड्या आल्या की बचाव ३. ऑस्ट्रिया आयोनियन आणि टिरेनियन मिळून हल्ला आणू शकतो फक्त २ चा. सेंट पीटर्सबर्गला ऑस्ट्रिया बसला आणि मॉस्को, लिव्होनिया इथून सपोर्ट दिला तर बचाव ३. फ्रान्सला नॉर्वे, बॅरेंट्स समुद्र, फिनलंड आणि बोथ्नियाचं आखात मिळून ४ चा हल्ला जमतो. डाव लांबला की ही दोन्ही केंद्रं आरमारवाल्याकडे झुकतात.

निष्कर्ष सरळ आहे: वेळ फ्रान्सच्या बाजूने आहे. फ्रान्स खेळताना सोळांतलं एकही न गमावता आरमार वाढवत राहणं पुरेसं असतं. ऑस्ट्रियाला मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत जमिनीवरून म्युनिक किंवा बर्लिन फोडावंच लागतं. दोन्ही बाजूंनी सारखाच डाव खेळणारे कुठल्या तरी एका बाजूने सतत हरतात, ते यामुळे.

फ्रान्सची सुरुवात

दोन सुरुवाती घोटून ठेवा.

दक्षिणेची: वसंत १९०१ ला ब्रेस्टचं आरमार मिड-अटलांटिकमध्ये, मार्सेची फौज बर्गंडीत, पॅरिसची फौज पिकार्डीत. शरदात आरमार स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, बर्गंडीची फौज म्युनिकला, पिकार्डीची बेल्जियमला. तीन केंद्रं, तीन नव्या तुकड्या. स्पेनला दोन किनारे आहेत आणि हुकूम देताना किनारा निवडावा लागतो. चुकून उत्तर किनारा निवडला तर पुढच्या वसंतात आरमार पश्चिम भूमध्यात जाऊच शकत नाही, आणि एक अख्खी चाल वाया जाते. या सुरुवातीचं बळ असं की एकही फौज स्पेनच्या कोपऱ्यात अडकत नाही. लंडन थांबू शकतं. हिवाळ्यात ब्रेस्टला बांधलेलं आरमार १९०२ च्या शरदात ते घेतंच.

उत्तरेची: आरमार इंग्लिश खाडीत, पॅरिसची फौज बर्गंडीत, मार्सेची स्पेनमध्ये. शरदात आरमार लंडनला, बर्गंडीची फौज म्युनिकला किंवा बेल्जियमला, स्पेनची जागीच. इथे आरमार १९०२ च्या वसंतात उत्तर समुद्रात आणि शरदात नॉर्वेत पोहोचतं. किंमत स्पेनमधल्या फौजेची: तिला परत आघाडीवर यायला वर्ष लागतं.

दोन्हींत दक्षिणेची सुरुवात जास्त चांगली, कारण ट्युनिसच्या शर्यतीत एक चालही उशीर चालत नाही. ते पुढे येतंच आहे.

पहिल्या हिवाळ्याची भरती बहुतेक वेळा दोन आरमारं (ब्रेस्ट आणि मार्से) आणि पॅरिसला फौज अशी. ऑस्ट्रियाची फौज टिरोलियात किंवा व्हेनिसमध्ये दिसत असेल तरच मार्सेला फौज बांधा.

ऑस्ट्रियाची सुरुवात

आरमार त्रिएस्तेहून अल्बेनियाला आणि शरदात ग्रीसला. बुडापेस्टची फौज सर्बियाला आणि शरदात बल्गेरियाला. सर्बिया सोडून पुढे का जायचं? कारण सर्बिया कुठे जात नाही. हिवाळ्यात बुडापेस्टला बांधलेली फौज एका पावलात तिथे पोहोचते, आणि बल्गेरियात पोहोचलेली फौज कॉन्स्टँटिनोपलच्या दारात उभी असते. केंद्र एकच मिळतं, पण एक चाल पुढे मिळते.

खरा निर्णय व्हिएन्नाच्या फौजेचा. गॅलिशियात गेली तर शरदात वॉर्सा किंवा रुमानिया नक्की. वॉर्सामधून १९०२ च्या वसंतात लिव्होनिया आणि शरदात सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे फ्रान्सच्या आधी. किंवा वॉर्सामधून सायलेशिया आणि शरदात बर्लिन. टिरोलियात गेली तर शरदात व्हेनिस किंवा म्युनिक.

टिरोलिया विरुद्ध बर्गंडी हा पहिल्या वर्षातला सगळ्यात सुंदर पेच आहे. फ्रान्सने उत्तरेची सुरुवात केली आहे, बर्गंडीतून त्याला म्युनिक किंवा बेल्जियम घेता येतं. ऑस्ट्रियाला टिरोलियातून म्युनिक किंवा व्हेनिस. दोघंही म्युनिकवर गेले तर बाउन्स, आणि वर्षाअखेर ५–५. बाकी तिन्ही शक्यतांत ६–६, फरक एवढाच की म्युनिकमध्ये कोण बसलंय किंवा ते रिकामं आहे का. म्हणजे टक्कर झाली तर दोघांचं सारखंच नुकसान, आणि एकाने माघार घेतली तर दुसऱ्याला मोक्याची जागा फुकट. अशा ठिकाणी ‘नेहमी म्युनिक’ किंवा ‘नेहमी बेल्जियम’ असं ठरवून टाकणं घातक, कारण दुसऱ्या-तिसऱ्या डावात समोरच्याला तुमची सवय कळते. दक्षिणेच्या सुरुवातीत मात्र फ्रान्सच्या बर्गंडीच्या फौजेला दुसरी जागा नसते (बेल्जियम पिकार्डीची फौज घेते), त्यामुळे ऑस्ट्रियाची फौज टिरोलियात दिसली की बाउन्सचा धोका धरूनच म्युनिकवर जायचं.

ऑस्ट्रियाची पहिली भरती: त्रिएस्तेला आरमार, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला फौजा. त्रिएस्तेचं आरमार पहिल्या वर्षी चुकवलं तर ते पुढे भरून निघत नाही.

ट्युनिस: चालींचा हिशेब

फ्रान्स (दक्षिणेची सुरुवात): ब्रेस्ट–मिड-अटलांटिक, मिड-अटलांटिक–स्पेन, स्पेन–पश्चिम भूमध्य, पश्चिम भूमध्य–ट्युनिस. चार चाली, शरद १९०२.

ऑस्ट्रिया: त्रिएस्ते–अल्बेनिया, अल्बेनिया–ग्रीस, ग्रीस–आयोनियन, आयोनियन–ट्युनिस. चार चाली, शरद १९०२.

दोघंही एकाच दिवशी दारात, दोघांचं बळ १, बाउन्स. दुसऱ्या आरमाराचा सपोर्ट त्या वर्षी कोणालाच मिळत नाही. फ्रान्सचं मार्सेला बांधलेलं आरमार १९०२ च्या वसंतात लिऑनच्या आखातात असतं आणि ते ट्युनिसला लागून नाही. ऑस्ट्रियाचं नवं आरमार एड्रियाटिकमध्ये असतं, तेही लागून नाही. शरदातच लिऑनच्या आखातातलं आरमार टिरेनियनमध्ये सरकवा. १९०३ च्या वसंतात फ्रान्सकडे ट्युनिसवर २ चं बळ तयार असतं, ऑस्ट्रियाचं आयोनियनमध्ये अजून १. म्हणून ऑस्ट्रियाने शरद १९०२ ला ट्युनिसवर जाण्याऐवजी आयोनियनमधून टिरेनियनमध्येच घुसण्याचा विचार करावा: फ्रान्सही तिथेच येत असेल तर बाउन्स होऊन त्याचं दुसरं आरमार बाहेर थांबतं, येत नसेल तर ऑस्ट्रिया रोम आणि नेपल्ससमोर ढाल होऊन बसतो. किंमत अशी की पश्चिम भूमध्यातलं आरमार त्याच चालीत ट्युनिस घेऊन जातं. ही देवाणघेवाण परवडते का, हे म्युनिकमध्ये त्या क्षणी कोण आहे यावर ठरवा. म्युनिक ऑस्ट्रियाकडे असेल तर परवडते.

म्युनिकचा वेढा

म्युनिकला सात शेजार आहेत: बर्गंडी, ऱ्हूर, कील, बर्लिन, सायलेशिया, बोहेमिया, टिरोलिया. पहिली चार फ्रान्सच्या बाजूची, पुढची तीन ऑस्ट्रियाच्या.

समजा ऑस्ट्रिया म्युनिकमध्ये बसला आहे आणि टिरोलिया, बोहेमिया, सायलेशिया तिन्हींतून सपोर्ट देतो आहे. बचाव ४. फ्रान्स चारही बाजूंनी आला, एक चाल आणि तीन सपोर्ट, तरी हल्ला ४. बरोबरी, म्युनिक पडत नाही. आता पीडमाँटमध्ये फ्रान्सची एकच फौज उभी करा आणि तिला टिरोलियावर चालून जायला सांगा. ती जिंकणार नाही, जिंकायची गरजही नाही. सपोर्ट देणाऱ्या तुकडीवर कुठूनही हल्ला झाला की तिचा सपोर्ट तुटतो. (अपवाद एकच: ज्या जागेवर सपोर्ट दिलेला हल्ला चालला आहे, तिथूनच आलेल्या प्रतिहल्ल्याने सपोर्ट तुटत नाही. तुकडी उखडली गेली, म्हणजे जास्त बळाने जागेवरून हटवली गेली, तर मात्र तिथूनही तुटतो.) टिरोलियाचा सपोर्ट गेला, बचाव ३, हल्ला ४, म्युनिक पडलं.

ऑस्ट्रियाला वाटतं की व्हेनिसमधून पीडमाँटवर हल्ला केला तर ही कात्री थांबेल. थांबत नाही. चाल करणाऱ्या तुकडीवर हल्ला झाला म्हणून तिची चाल रद्द होत नाही. उपाय दुसरीकडे आहे: प्रशियात एक फौज ठेवून बर्लिनवर चाल करा. फ्रान्सचा बर्लिनचा सपोर्ट तुटतो, हल्ला ३, बचाव ३, म्युनिक टिकतं. त्याहून बरा उपाय म्हणजे पीडमाँटमध्ये फ्रान्सला येऊच न देणं.

उलट बाजूने पाहू. म्युनिकमध्ये फ्रान्स, सपोर्टला बर्गंडी, ऱ्हूर आणि कील. बचाव ४. ऑस्ट्रियाकडे बर्लिनसुद्धा आहे असं धरा. हल्ला ४, पडत नाही. बर्लिनने कीलवर चाल करून तिथला सपोर्ट तोडला तर स्वतः बर्लिन हल्ल्यातून कमी होतं: ३ विरुद्ध ३. कील तोडायला पाचवी तुकडी लागते, बाल्टिकमध्ये किंवा डेन्मार्कमध्ये, आणि तिथे ऑस्ट्रियाचं आरमार पोहोचणं जवळजवळ अशक्य. पण डेन्मार्कमध्ये फौज मात्र स्वीडनमार्गे पोहोचते. म्हणून फ्रान्सने स्कँडिनेव्हिया रिकामं सोडू नये.

ही तिन्ही चित्रं कोऱ्या नकाशावर बटणं किंवा नाणी मांडून स्वतः करून पाहा. आकडे हातात बसेपर्यंत करा.

चौफुले

काही प्रांतांत केंद्र नाही, तरी ते सोन्याच्या मोलाचे आहेत, कारण तिथे उभी एक तुकडी चार-चार केंद्रांना धाक घालते. टिरोलिया: म्युनिक, व्हिएन्ना, त्रिएस्ते, व्हेनिस. गॅलिशिया: वॉर्सा, रुमानिया, बुडापेस्ट, व्हिएन्ना. बर्गंडी: पॅरिस, मार्से, बेल्जियम, म्युनिक. ऱ्हूर: बेल्जियम, हॉलंड, कील, म्युनिक. समुद्रात एजियन: ग्रीस, बल्गेरिया, कॉन्स्टँटिनोपल, स्मिर्ना. फ्रान्सचं आरमार एजियनमध्ये शिरलं की ऑस्ट्रियाला चार केंद्रांवर पहारे बसवावे लागतात आणि आघाडी उसवते.

वसंताची चाल बहुतेक वेळा चौफुल्यासाठी आणि शरदाची केंद्रासाठी. वसंतात केंद्र घेऊन काही पदरात पडत नाही. मोक्याच्या जागी उभं राहिलात तर शरदात समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागतं.

हुकूम लिहिताना होणाऱ्या चुका

सपोर्ट हा हुकूम दुसऱ्या हुकुमाशी तंतोतंत जुळावा लागतो. बर्गंडीने ‘ऱ्हूर ते म्युनिक’ला सपोर्ट दिला आणि तुम्ही ऐनवेळी ऱ्हूरला जागीच राहायला सांगितलंत, तर तो सपोर्ट वाया. एक हुकूम बदलला की सगळे पुन्हा वाचा.

चाल करून बाउन्स झालेली तुकडी जागीच राहते, पण तिला ‘जागीच राहा’साठी दिलेला सपोर्ट लागू होत नाही. तिचं बळ १. धोक्यातल्या तुकडीला उगीच हलवू नका.

रांगेने पुढे सरकताना सगळ्यात पुढची तुकडी अडली की मागच्या सगळ्या अडतात. आणि दोन तुकड्यांना एकमेकींच्या जागा थेट बदलता येत नाहीत.

आरमार किनाऱ्याने चालतं, जमिनीने नाही. रोम–व्हेनिस, एडिंबरा–लिव्हरपूल, अंकारा–स्मिर्ना, फिनलंड–नॉर्वे या जोड्या फौजेला शेजारी आहेत, आरमाराला नाहीत. ब्रिटनमध्ये म्हणूनच एक फौज उतरवणं फायद्याचं: लिव्हरपूल घेऊन ती पुढच्या वर्षी सरळ एडिंबरात जाते, आरमाराला बेटाला वळसा पडतो.

दोन आपल्याच तुकड्या एकाच रिकाम्या केंद्रावर मुद्दाम पाठवणं ही चूक नाही, ही युक्ती आहे. ऑस्ट्रियाने शरदात सर्बिया आणि टिरोलिया दोन्हींतून त्रिएस्तेवर चाल केली तर बाउन्स होतो, व्हेनिसमधून एकटीच आलेली फ्रेंच फौजही अडते, आणि त्रिएस्ते भरतीसाठी रिकामं राहतं. फ्रेंच फौज सपोर्ट घेऊन आली तर मात्र ती आत शिरते, तेव्हा आधी तिला सपोर्ट मिळू शकतो का ते पाहा.

शरदात उखडली गेलेली तुकडी माघार घेऊन एखाद्या रिकाम्या केंद्रात बसली तर ते केंद्र तिचं होतं, कारण मालकी माघारीनंतर मोजतात. शत्रूची तुकडी उखडताना तिच्या माघारीच्या वाटा आधी मोजा. कित्येकदा न उखडणंच शहाणपणाचं.

संकेतस्थळावर हुकूम जतन करणं आणि ‘रेडी’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघं रेडी झाले की वेळ उरला असला तरी चाल लगेच उघडते. आधी जतन करा, चहा घ्या, सगळे हुकूम शत्रूच्या बाजूने एकदा वाचा, मग रेडी.

अंदाज आणि सराव

बुद्धिबळात समोरच्याची चाल पाहून उत्तर देता येतं, इथे नाही. २०२१ साली फेसबुकच्या संशोधकांनी याच फ्रान्स–ऑस्ट्रिया प्रकारासाठी माणसांचे डाव न दाखवता, केवळ स्वतःशी खेळून शिकणारा प्रोग्राम तयार केला, आणि तो माणसांना भारी पडला. असा प्रोग्राम एकाच स्थितीत दर वेळी एकच हुकूम देत नाही. काही प्रमाणात हे, काही प्रमाणात ते, असं मिश्रण ठेवतो. माणसालाही ते जमतं. दोन पर्याय तुल्यबळ वाटले आणि तुमची सवय नेहमी पहिल्याची असेल तर नाणं उडवा. मात्र एका पर्यायात हरलो तरी थोडं आणि दुसऱ्यात हरलो तर सर्वस्व, अशी स्थिती असेल तर नाणं खिशातच ठेवा.

सुरुवातीचे दहा डाव पाच फ्रान्सचे, पाच ऑस्ट्रियाचे, आणि चालीला एक दिवस मिळेल अशा गतीचे घ्या. पाच मिनिटांच्या डावात नुसती सवय घट्ट होते, समज वाढत नाही. प्रत्येक चालीआधी समोरच्याचे सगळे हुकूम तुमच्या अंदाजाने लिहा, चाल उघडल्यावर किती बरोबर आले ते शेजारी मांडा. डाव संपल्यावर जुने नकाशे एकेक करून उघडा आणि आघाडी पहिल्यांदा कुठे मागे सरली तो शरद शोधा. चूक बहुधा त्याच्या आधीच्या वसंतात सापडते, किंवा त्याआधीच्या हिवाळ्याच्या भरतीत.

१७ वर आल्यावर

सतरा झाली की बचाव आणि हल्ला यांचा हिशेब बदलतो. आता एकच केंद्र हवं, तेव्हा एका जागी ताकद ओतण्यापेक्षा शत्रूला पुरणार नाहीत इतक्या जागी धाक निर्माण करा.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. ट्युनिस हातात आहे, टिरेनियनमध्ये एक आरमार आहे, आणि इटलीत ऑस्ट्रियाची एकच फौज अपुलियात उरली आहे. रोम आणि नेपल्स दोन्ही रिकामे. टिरेनियनचं आरमार दोन्हींपैकी कुठेही जाऊ शकतं, अपुलियाची फौजही दोन्हींपैकी कुठेही अडवू शकते: निम्मी शक्यता. एक वर्ष थांबून टस्कनीत दुसरी तुकडी आणा. आता टस्कनी रोमवर आणि टिरेनियन नेपल्सवर, एकाच शरदात. अपुलियाची फौज एकच दार लावू शकते. ऑस्ट्रियाने दुसरी फौज आणून रोम आणि नेपल्स दोन्ही भरले, तर टिरेनियनने टस्कनीच्या रोमवरच्या चालीला सपोर्ट द्यायचा, २ विरुद्ध १. ते अडवायला नेपल्सच्या फौजेला रोमला सपोर्ट द्यावा लागेल; आयोनियनमध्ये फ्रान्सचं आणखी एक आरमार असेल तर ते नेपल्सवर धडकून तो सपोर्ट तोडतं. ऑस्ट्रिया या वेळी इटलीत तिसरी फौज आणतो ती गॅलिशियातून किंवा बोहेमियातून. ती निघालेली दिसली की त्याच शरदात म्युनिकहून बोहेमियाकडे नाही, सरळ नॉर्वेहून सेंट पीटर्सबर्गकडे बघा: तिथला पहारा उठला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच असते.